भिंतीवरचं बटण धरून केलेली रचना: कोल्हापुरातल्या एका घरातला हार्ड डिस्कविना मीडिया संगणक

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतलं घर. खाली मुलाचं दुकान, वर राहतं घर. टीव्ही बैठकीच्या खोलीत, आणि रात्री आबा आणि आक्का त्याच खोलीत झोपतात. माणसं आणि घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. यंत्रांचे आणि निर्णयांचे तपशील जसेच्या तसे आहेत. घरगुती संगणक आणि नेटवर्कची कामं मी करतो, त्या नात्याने यात होतो.

टीव्हीशेजारी एक डेस्कटॉप होता. दुसऱ्या पिढीचा कोअर आय-३, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. मुळात दुकानाच्या हिशेबासाठी घेतलेला. दुकानात लॅपटॉप आला तसा हा वर आला आणि घरच्या चित्रफितींचा झाला. त्यात काय होतं? मुलाचं लग्न, नातवंडांची बारशी, शाळेचं गॅदरिंग, फोनवर काढलेले अलीकडचे व्हिडिओ, आक्कांचा हरिपाठ. आणि कुस्त्या. आबा तालमीत वाढलेले. त्यांच्या चुलतभावाने गावोगावच्या जत्रांमधली मैदानं मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल कॅसेटच्या) कॅमेऱ्यावर उतरवून ठेवली होती. त्या कॅसेटी नातवाने फायरवायर केबलने संगणकावर घेतल्या. डीव्हीचं एक तासाचं चित्रण साधारण १३ जीबी होतं. अशा ४५ तासांच्या फाइली, म्हणजे जवळपास ६०० जीबी, त्या डिस्कवर होत्या.

अडचण

तक्रारी तिघांच्या तीन. आबांचं म्हणणं सरळ होतं: "बटण दाबलं की लागाय पायजे. हितं चहा गार होतोय, तवर ह्याचं चाललंयच." सूनबाईंची तक्रार आवाजाची. रात्री हरिपाठ हळू आवाजात लावला की त्याच्या मागे पंख्याची घरघर ऐकू यायची. मुलाचं दुखणं वेगळं: नव्या फोनचे व्हिडिओ त्या संगणकावर अडखळत होते.

चौथी गोष्ट कुणी तक्रार म्हणून सांगितलीच नाही. आबा रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतात. टीव्ही, संगणक, सगळं एकदम. विंडोज नीट बंद होईपर्यंत थांबायचं असतं हे त्यांना मान्यच नव्हतं. वळवाच्या दिवसांत वीज कडाडली की कुणीतरी पळत जाऊन प्लगच काढतं. शिवाय पावसाळ्यात लाईट जाते ती वेगळीच. डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढला तर खराब सेक्टर बदलून घेतल्याचा आकडा बराच वर गेला होता. त्यामागे किती वाटा वयाचा आणि किती बटणाचा हे सांगता येत नाही, पण कुटुंबाच्या सगळ्या आठवणी त्या एकाच डिस्कवर होत्या हे ऐकल्यावर मुलगा जरा गप्प झाला.

म्हणून पहिलं काम झालं ते नक्कल. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आणल्या, सगळं दोन्हींवर उतरवलं. एक कपाटात, एक पुण्याला नातवाकडे. पुढची चर्चा त्यानंतर.

आवाज कुठून येतो, वेळ कुठे जातो

नवं काही विकत घेण्याआधी दोन साध्या चाचण्या केल्या. संगणक बंद असताना हार्ड डिस्कची केबल काढली आणि नुसता बायोसचा (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) पडदा उघडून ठेवला. घरघर होतीच. ती एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) आणि प्रोसेसरच्या पंख्याची होती. डिस्कचा आवाज म्हणजे मधूनच होणारी करकर, तेवढी थांबली. घरातल्या सगळ्यांनी इतके दिवस दोष डिस्कला दिला होता.

मग एक एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) उसना आणून त्यावर विंडोज घालून पाहिलं. बटण दाबल्यापासून व्हिडिओ सुरू होईपर्यंत पूर्वी अडीच मिनिटांच्या आसपास जायची, ती चाळीस-पन्नास सेकंदांवर आली. उरलेल्यात बायोसच्या तपासण्या, लॉगिन, अँटिव्हायरस आणि शेवटी प्लेअर उघडणं. म्हणजे एसएसडीने वेळेचा प्रश्न बराच सुटत होता, आवाजाचा अजिबात नाही, आणि बटणाचा तर नाहीच. फोनच्या व्हिडिओंचंही तेच. ते एचईव्हीसी या नव्या, जास्त दाबून साठवण्याच्या प्रकारातले, आणि दुसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये एचईव्हीसी उलगडणारं हार्डवेअर नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो. इंटेलच्या चिपमध्ये ती सोय पूर्णपणे आली ती सहाव्या पिढीपासून, आणि १० बिट रंगांच्या व्हिडिओंसाठी सातव्या.

या दोन चाचण्यांमुळे जुन्याच डब्यात एसएसडी टाकण्याचा सगळ्यात स्वस्त पर्याय बाद झाला. त्या केल्या नसत्या तर बहुधा तोच निवडला गेला असता, आणि महिनाभराने सूनबाईंचा फोन आला असता.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वात आधी विचारायचा प्रश्न: टीव्ही स्मार्ट आहे, त्याच्या मागे यूएसबी आहे, मग पेनड्राइव्ह लावून का बघत नाही? लावून बघितला. फोनचे व्हिडिओ लागले. डीव्हीच्या फाइली टीव्हीने ओळखल्याच नाहीत. कुठवर बघितलं होतं ते लक्षात ठेवत नव्हता, आणि फाइलींच्या यादीत फिरताना टीव्ही इतका सुस्त की आबांनी रिमोट ठेवून दिला. या पर्यायाकडे शेवटी परत यावं लागणार आहे.

अँड्रॉइडचा डबा किंवा स्टिक. आवाज नाही, किंमत कमी. ज्या घरात फक्त ओटीटी बघतात तिथे मी हेच सांगतो. इथे अडचण अशी की सुरुवातीच्या पडद्यावर कंपनीला जे दाखवायचं ते दिसतं, घरचं नाही. आणि ओटीटीची ॲप टीव्हीत आधीच होती.

इंटेलच्या एन-१०० चिपचा छोटा संगणक. ताकदीला उत्तम, ६ वॅटची चिप, एव्ही-१ हा त्याहून नवा व्हिडिओ प्रकारसुद्धा हार्डवेअरमध्ये उलगडते. पण बाजारातल्या बहुतेक डब्यांत छोटा पंखा असतो, आणि छोटा पंखा जोरात फिरला की त्याचा आवाज बारीक आणि जास्त टोचणारा. बिनपंख्याचे मिळतात, ते महाग. बायोस आहेच. लाईट आल्यावर आपोआप सुरू व्हायला हवं तर त्यात वेगळी सेटिंग शोधावी लागते, आणि ती प्रत्येक डब्यात असेलच असं नाही.

नेटवर्कवरून बूट (यंत्र सुरू होणं). म्हणजे वरच्या खोलीतल्या यंत्रात काहीच साठवण नाही. खालच्या दुकानातल्या संगणकावरून सगळं केबलने वर येणार. हा पर्याय पुण्याहून नातवाने सुचवला होता आणि तांत्रिकदृष्ट्या तोच सगळ्यात देखणा आहे. पण मग दुकानातला संगणक चालू राहायला हवा. आबा वरचं बटण बंद करतात तसं मुलगा दुकान बंद करताना खालचं मेन बंद करतो. शिवाय रात्री नऊला काही अडलं तर ते सोडवणारा पुण्यात. घरात जो माणूस हजर असतो त्याला दुरुस्त करता येईल असंच काहीतरी हवं होतं, आणि नेटवर्क बूट त्यात बसत नव्हतं.

रास्पबेरी पाय ४, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक. पंख्याची गरज नाही, एचईव्हीसी आणि त्याआधीचा एच-२६४ प्रकार दोन्ही हार्डवेअरमध्ये उलगडतं. पाय ५ नवं आणि वेगवान आहे, पण त्यात एच-२६४ चा हार्डवेअर भाग काढून टाकला आहे, ते काम प्रोसेसर करतो. आणि ते जास्त तापतं, म्हणून पंखा लावायचा मोह होतो. या घरासाठी जुनं पाय ४ बरं होतं.

पारडं कशाने झुकलं

खरं सांगायचं तर एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने. रास्पबेरी पाय ४ ला बटणच नाही. वीज मिळाली की ते सुरू होतं. म्हणजे आबा भिंतीवरचं बटण दाबतात तेच त्याचं पॉवर बटण.

बूट लवकर व्हावं यासाठी दुसराही एक मार्ग होता: यंत्र बंदच करायचं नाही. पाय ४ रिकामं बसलं की साधारण ३ वॅट घेतं, महिन्याला २ युनिटच्या आसपास. हे गणित मी आबांसमोर मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असू दे की. रात्री बटण बंद करायचं म्हंजे करायचं." पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाची आयुष्यभराची सवय सॉफ्टवेअरच्या सोयीसाठी बदलायला लावणं मला पटत नाही, आणि वीज कडाडताना प्लग काढणं ही सवय तर चांगलीच आहे. त्यामुळे अट उलटी मांडली: कधीही, कुठल्याही क्षणी वीज तोडली तरी यंत्र पुढच्या वेळी पूर्वीसारखंच उभं राहिलं पाहिजे. बूट वेगवान असणं हा त्याचा दुसरा भाग झाला, कारण रोज थंड अवस्थेतूनच सुरुवात होणार.

प्रत्यक्ष मांडणी

प्रणाली म्हणून लिब्रेएलेक घेतली. कोडी हा मीडिया प्लेअर चालवण्यापुरतीच बेतलेली लिनक्स आहे ती. तिचा गाभा एका दाबून बसवलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलीत असतो. चालू असताना त्यात काही लिहिलं जात नाही. म्हणून अचानक वीज गेली तरी प्रणाली बिघडायची शक्यता फार कमी. लिहिलं जातं ते वेगळ्या विभागात: कोडीच्या सेटिंग्ज, चित्रांचे छोटे नमुने, कुठवर बघितलं त्याची नोंद.

हे सगळं मायक्रो एसडी कार्डावर. कार्ड सीसीटीव्हीवाल्यांकडे मिळतं तसं, सतत लिहिणं सोसणारं घेतलं. स्वस्त आणि नकली कार्डांचा सुळसुळाट आहे, म्हणून पूर्ण भरून-वाचून तपासूनच वापरलं. व्हिडिओ मात्र कार्डावर नाहीत. ते २५६ जीबीच्या एसएसडीवर, यूएसबीच्या डबीत. तो एसएसडी फक्त वाचण्यापुरता जोडला जाईल अशी छोटी माउंट (डिस्क जोडण्याची) फाइल सेटिंग्जच्या फोल्डरात घातली. नवा व्हिडिओ टाकायचा तर एसएसडी काढून लॅपटॉपला लावायचा. थोडी गैरसोय आहे, पण ती महिन्यातून एखाद्या वेळची, बटण रोजचं.

प्रणालीसुद्धा एसएसडीवरच घालता आली असती, पाय ४ यूएसबीवरून बूट होतं आणि वेगही थोडा जास्त मिळाला असता. कार्ड ठेवलं ते बदलणं सोपं म्हणून. तयार कार्डाची हुबेहूब नक्कल करून ती पाकिटात घालून टीव्हीच्या मागे चिकटवली आहे. काही बिघडलं तर बटण बंद करून कार्ड बदलायचं, एवढं सूनबाईंना करून दाखवलं.

डबी ॲल्युमिनियमची. तीच उष्णता बाहेर टाकते, पंखा नाही. पाय ४ ऐंशी अंशांच्या पुढे गेलं की स्वतःचा वेग कमी करतं. टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात ठेवून बघितलं तेव्हा तापमान नको तितकं चढत होतं, म्हणून डबी कपाटाच्या वर आली. अडॅप्टर ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा, याच यंत्रासाठी बनवलेला. घरात पडून असलेला फोनचा चार्जर लावला की कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह यायचं. व्होल्टेज कमी पडत असल्याची ती खूण. ते चिन्ह दिसतंय आणि यंत्र चालतंय म्हणून लोक तसंच वापरतात, आणि मग कार्डाला शिव्या देतात.

रिमोट टीव्हीचाच. एचडीएमआयच्या केबलमधून सीईसी नावाची सोय असते, तिच्यामुळे टीव्हीच्या रिमोटचे बाण कोडीला कळतात. टीव्हीत ती सेटिंग बंद होती, आणि प्रत्येक कंपनीने तिला आपापलं वेगळं नाव दिलेलं असल्यामुळे शोधावी लागली.

घड्याळाचाही एक मुद्दा निघाला. पाय ४ मध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते, वेळ नेटवरून येते. नेट येईपर्यंत कोडीने थांबायचं की नाही याची सेटिंग लिब्रेएलेकमध्ये आहे; थांबलं की बूटला तेवढा उशीर. थांबू नये असं ठरवलं. पहिले काही क्षण पडद्यावर चुकीची वेळ दिसते, मग सुधारते. आबांनी ती पहिल्याच दिवशी हेरली.

कोडीत सिनेमांची लायब्ररी बनवता येते, माहिती आणि पोस्टर आपोआप उतरवून. घरच्या कुस्त्यांचं पोस्टर कुठून येणार? त्यामुळे लायब्ररी वापरली नाही, साधे फोल्डर ठेवले. प्रत्येक फोल्डरात एकेक फोटो घातला, तोच पडद्यावर मोठा दिसतो. आक्कांच्या फोल्डरावर विठ्ठल आहे. लायब्ररी नसल्यामुळे डेटाबेसमध्ये लिहिणंही कमी झालं.

कुस्त्यांचं रूपांतर

सगळ्यात जास्त वेळ यंत्राने घेतला नाही, फाइलींनी घेतला. डीव्हीचं चित्रण इंटरलेस्ड असतं: सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. जुन्या फुगीर टीव्हीवर ते छान दिसायचं. सपाट पडद्यावर पैलवान पट काढायला झेपावला की त्याच्या हातापायांच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसतात. लग्नात, जिथे माणसं बहुतेक वेळ उभीच असतात, हे फारसं जाणवत नाही. कुस्तीत सहन होत नाही.

हे घरी, एकदाच, लॅपटॉपवर सोडवायचं ठरलं, म्हणजे टीव्हीशेजारच्या छोट्या यंत्रावर तो भार नको. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक अर्ध्या चित्राचं पूर्ण चित्र करून सेकंदाला ५० फ्रेमची एच-२६४ फाइल केली. तासाला १३ जीबीच्या जागी ३ ते ४. पंचेचाळीस तासांचं सगळं मिळून दीडशे-पावणेदोनशे जीबीत बसलं आणि २५६ जीबीचा एसएसडी पुरला. १ टीबीचा घ्यावा लागला नाही.

यात अर्ध्या चित्रांचा क्रम महत्त्वाचा. डीव्हीत खालची ओळ आधी असते, स्टुडिओने करून दिलेल्या डीव्हीडींत बहुधा वरची. क्रम उलटा धरला तर चित्र पुढे-मागे थरथरतं. म्हणून प्रत्येक प्रकारातला अर्ध्या मिनिटाचा, भरपूर हालचालीचा तुकडा आधी करून पाहिला. दुसरा मुद्दा रुंदीचा. चित्रण ४:३, टीव्ही १६:९; ताणून दाखवलं की सगळे आडवे होतात. एक तुकडा तसा लागला तेव्हा आबा म्हणाले, "ह्यो गडी एवढा जाड कवा हुता रं?" मग दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू दिली. मूळ डीव्ही फाइली पुसल्या नाहीत. त्या दोन्ही बाहेरच्या डिस्कवर आहेत.

निकाल

भिंतीवरचं बटण दाबल्यापासून कोडीचा पडदा येईपर्यंत साधारण पंचवीस सेकंद. टीव्हीला स्वतःलाच जागं व्हायला त्यातली निम्म्याहून जास्त लागतात, त्यामुळे आबांना हा वेळ जाणवत नाही. आवाज शून्य. खर्च सगळा मिळून १० ते ११ हजार, बाहेरच्या दोन डिस्क सोडून. जुना डेस्कटॉप खाली गेला, आता बिलं छापतो.

दोन गोष्टी नंतर निघाल्या. लाईट जाऊन आली की रास्पबेरी लगेच उठायचं, टीव्ही मात्र स्टँडबायमध्येच. समोर टीव्ही नाही असं समजून ते चित्रच पाठवायचं नाही, आणि नंतर टीव्ही लावला की काळा पडदा. टीव्हीची माहिती एकदा वाचून साठवून ठेवायची सोय लिब्रेएलेकमध्ये आहे. ती केल्यावर टीव्ही असो-नसो, चित्र जातं.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. एकदा लाईट गेली ती नेमकी कोडी सेटिंग्ज लिहीत असताना. परत आली तेव्हा मेनू इंग्रजीत, फोल्डर गायब, सगळं पहिल्या दिवसासारखं. सेटिंग्जची फाइल रिकामी झाली होती. प्रणाली ठीक, व्हिडिओ ठीक. सूनबाईंनी टीव्हीमागचं पाकीट काढून कार्ड बदललं आणि मला फोन केला तो नंतर, नुसतं सांगायला. इथे छोटा यूपीएस लावायचा की दुसरं काही, असा प्रश्न आला. यूपीएसने लाईट जाण्याचा प्रश्न सुटतो. पण तो बटणाच्या पुढे लावला तर आबांनी बटण बंद केल्यावरही यंत्र बॅटरी संपेपर्यंत चालूच राहणार, आणि बॅटरी संपली की तसंच तुटणार. त्याऐवजी कोडी सुरू होण्याआधी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये दोन ओळी घातल्या: चांगल्या सेटिंग्जची जपून ठेवलेली फाइल दरवेळी मूळ जागी आणून ठेवायची. म्हणजे कुणी मेनूत काही उलटसुलट केलं तरी दुसऱ्या दिवशी सगळं जागेवर. हा फायदा अपेक्षित नव्हता, पण नातवंडं सुट्टीला आली की तोच जास्त उपयोगी पडतो.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम बदलता आला असता. आम्ही आधी यंत्र निवडलं आणि मग फाइली बदलल्या. टीव्हीच्या यूएसबीवरून बघण्याचा पर्याय बाद झाला तो मुख्यतः डीव्हीच्या फाइली लागल्या नाहीत म्हणून. पण रूपांतर झाल्यावर त्याच फाइली तो टीव्ही लावू शकतो, हे नंतर तपासलं. कुठवर बघितलं याची नोंद, फोल्डरांवरचे फोटो, रिमोटला चटकन मिळणारा प्रतिसाद हे कोडीचे फायदे उरतातच, आणि आबा-आक्कांसाठी ते महत्त्वाचे आहेत. सगळ्यांसाठी असतीलच असं नाही.

वीज तुटण्याची चाचणीही मुद्दाम करायला हवी होती. मेनूत फिरताना, सेटिंग बदलताना, व्हिडिओ थांबवताना प्लग काढून बघायला अर्धा तास पुरतो. सेटिंग्जची फाइल रिकामी होऊ शकते हे त्यात दिसलं असतं, पावसाची वाट बघावी लागली नसती. हल्ली अशा कामात मी ही चाचणी घरच्या माणसांसमोर करतो; प्लग त्यांनाच काढायला सांगतो.

नेटवर्क बूटबद्दल नातवाचं आणि माझं अजून एकमत नाही. तो म्हणतो, खाली एक छोटा, सतत चालणारा सर्व्हर ठेवला असता तर दोन टीव्हींना एकच संग्रह पुरला असता आणि एसएसडी काढ-घाल करावी लागली नसती. बरोबर आहे. फक्त त्यासाठी खालचं मेन बंद न करणारा मुलगा हवा.

मागच्या खोलीतल्या टीव्हीसाठी आता मागणी आली आहे. तिथे आधी रूपांतर केलेल्या फाइली पेनड्राइव्हवर घालून टीव्हीच्याच यूएसबीत लावायच्या असं ठरलंय. महिनाभर त्यावर भागलं तर दुसरं यंत्र घ्यायचं नाही.